टेन्शन संपले, मग गोळी कशाला?

‘टेन्शन घेऊ नका!’ कोल्हापुरात दिवसभरात हे वाक्य किती वेळा कानावर पडते याची गणती नाही. परीक्षेचे टेन्शन, ऊसबिलाचे टेन्शन, मुलीच्या लग्नाचे टेन्शन. इंग्रजीचा गंध नसलेल्या आजीबाईंच्या तोंडीही हा शब्द मराठीसारखा बसला आहे. पण याच शब्दाने माझ्या एका पेशंटचा घात केला.

हे करवीर तालुक्यातील शेतकरी गृहस्थ. वय पंचावन्नच्या आसपास. तीन वेगवेगळ्या दिवशी तपासले, रक्तदाब 170/100 च्या घरात. ‘तुम्हाला हायपरटेन्शन आहे, रोज एक गोळी घ्या,’ असे सांगून मी पुढच्या पेशंटकडे वळलो. वर्षभर त्यांनी गोळी नेमाने घेतली. पुढे त्यांचे येणे थांबले. एके दिवशी सकाळी त्यांना जीपमधून आणले. तोंड वाकडे, उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. त्यांच्या पत्नी रडत म्हणाल्या, ‘डॉक्टर, वैशाखात थोरलीचं लगीन झालं. हे म्हटले, आता कसलं टेन्शन राहिलं न्हाई, गोळी कशाला खायाची?’

मोठ्या रुग्णालयात उपचार झाले, जीव वाचला. पण उजव्या हाताने घास उचलणे त्यांना अजून जमत नाही. चूक त्यांची नव्हे, माझी होती. मी शब्द दिला, अर्थ दिला नाही.

तो अर्थ आज पाहू. लॅटिनमध्ये ‘तेंदेरे’ म्हणजे ताणणे. त्यावरून सोळाव्या शतकात ‘टेन्शन’ हा शब्द इंग्रजीत आला. गंमत अशी, की आपला ‘ताण’ हा त्याचा दूरचा भाऊच! संस्कृत ‘तन्’ आणि लॅटिन ‘तेंदेरे’ यांचे मूळ एक. इचलकरंजीच्या मागावरचा ताणा, गवयाची तान, तंतू आणि इंग्रजांचा टेंट म्हणजे तंबू, ही सारी एकाच घराण्यातली मंडळी.

पुढे या शब्दाला फाटे फुटले. शाळेत शिकलेला पृष्ठताण म्हणजे सरफेस टेन्शन. शिवारातून जाणारी हाय टेन्शन लाईन म्हणजे उच्च दाबाची वीज. त्या तारांना कसली काळजी नसते! मनाचा ताण हाही एक अर्थ, आणि आपण नेमका तेवढाच उचलला. वैद्यकात मात्र जुने डॉक्टर डोळ्याच्या आतील दाबालाही टेन्शन म्हणत. ‘हायपर’ म्हणजे प्रमाणाबाहेर. तेव्हा हायपरटेन्शन म्हणजे रक्तवाहिन्यांत प्रमाणाबाहेर वाढलेला दाब. फार काळजी करणे नव्हे.

हा दाब मोजता येतो. 1733 साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने घोडीच्या रोहिणीला काचेची नळी जोडल्याचे प्रसिद्ध केले. रक्त आठ फुटांहून वर चढले होते. 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि 1905 मध्ये रशियाच्या कोरोटकॉफ यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली.

शब्दाने फसवले ते पेशंटलाच असे नाही. या विकाराला डॉक्टर ‘इसेन्शियल’ म्हणजे आवश्यक हायपरटेन्शन म्हणत. अरुंद रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला जादा दाब हवाच, असा समज होता. म्हणून तो उतरवायला कित्येक डॉक्टर कचरत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 1945 मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला होता. आज स्वस्त आणि खात्रीच्या गोळ्या आहेत, तरी आपण त्या सोडतो.

मनाच्या ताणाने रक्तदाब तात्पुरता चढतो, हे खरे. पण मन शांत असले म्हणजे रक्तदाबही ठीक, असे मुळीच नाही. पंचगंगेच्या घाटावर निवांत बसणाऱ्याचाही तो वाढलेला असू शकतो. बहुधा डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा तरी तो मोजावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटे शांत बसावे. पैलवानी दंडाला मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने आकडा फुगतो. वारंवार 140/90 किंवा त्याहून जास्त आला, तर उपचार हवेत.

दिवसभरात सगळे मिळून मीठ एका चमच्याच्या आत ठेवा. तांबड्या-पांढऱ्या रश्शावर वरून मीठ नको. लोणचे, पापड बेतानेच. रोज चालावे, तंबाखू सोडावी. गोळीने आकडा उतरला म्हणजे गोळी काम करते आहे. ती आपल्या मनाने बंद करू नये. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर मालीश-झाडपाल्यात वेळ न घालवता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

त्या दिवसापासून मी दवाखान्यात ‘हायपरटेन्शन’ म्हणत नाही. ‘रक्तदाब’ म्हणतो आणि पेशंटकडून अर्थ वदवून घेतो. लेकीचे लग्न होईल, कर्ज फिटेल, टेन्शन जाईल. गोळी मात्र चालूच राहू द्या.