कॉलेजचा ई-मेल : पत्ता मुलांचा, चावी कॉलेजची!

प्रवेश पक्का झाला, फी भरली, आयकार्ड गळ्यात आलं की हल्ली विद्यार्थ्याच्या पदरात आणखी एक गोष्ट पडते. कॉलेजचा ई-मेल आयडी! पुढे स्वतःचं नाव नाहीतर रोल नंबर, मागे कॉलेजचं नाव आणि शेवटी ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ अशी शेपटी. दोन दिवस कौतुक होतं, मग पुष्कळजण तो विसरूनही जातात. कारण फोनमध्ये आधीपासून एक खातं असतंच. कित्येकदा ते मोबाइलच्या दुकानदारानेच उघडून दिलेलं असतं आणि त्याचा पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नसतो. इकडे परीक्षेच्या फॉर्मची मुदत, शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी, कॅम्पस मुलाखतीची वेळ असं सगळं कॉलेजच्या इनबॉक्समध्ये पडून राहतं आणि चिरंजीव मित्राला विचारत बसतात, “काही नोटीस लागली का रे?”

एक काळ असा होता की, या पत्त्यासाठी आयआयटीतच जावं लागे. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळं विणायला घेतलं. त्यात पाच आयआयटी होत्या, बंगलोरची विज्ञान संस्था होती आणि मुंबईत जुहूचं एनसीएसटी. पवईची आयआयटी आणि जुहू यांच्यात फोनच्या तारेवरून ई-मेल धावू लागला, तेव्हा बाकीची मुंबई पोस्टमनची वाट पाहत होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वांना खुलं केलं खरं, पण चित्रं दिसणारं वैयक्तिक खातं वर्षाला १५ हजार रुपयांना पडायचं. विद्यार्थ्यांसाठी पुढे ५०० रुपयांचं खातं निघालं. त्यात पडद्यावर नुसती अक्षरं! (त्या खात्यावर विद्यार्थ्यापेक्षा त्याचे वडीलच जास्त बसायचे, अशीही घरं होती.)

साध्या कॉलेजांपर्यंत हे खातं सर्रास पोहोचलं ते २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. वर्ग ऑनलाइन भरवायचे तर प्रत्येक मुलाची ओळख पटायला हवी, म्हणून गुगल नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या सेवेवर धडाधड खाती उघडली गेली. झाशी जिल्ह्यातलं समथर हे एकेकाळच्या संस्थानाचं, किल्ल्याचं गाव. तिथून झाशीला बुंदेलखंड विद्यापीठात जाणारा मुलगा काय किंवा सांगोल्याहून सोलापूरला जाणारी मुलगी काय, घरातला पहिलाच पदवीधर होणार असेल तर हे खातं कशाशी खातात, ते सांगणारं घरी कुणी नसतं.

पहिली गोष्ट, ही शेपटी कुणालाही विकत मिळत नाही. ती अर्नेट इंडियाकडून केवळ शिक्षणसंस्थांनाच दिली जाते. त्यामुळे हा पत्ता म्हणजे विद्यार्थी असल्याचा एक पुरावाच. सॉफ्टवेअरच्या विद्यार्थी सवलती त्यावर मिळतात आणि अनोळखी प्राध्यापकाला इंटर्नशिपसाठी पत्र धाडायचं तर ‘कूलबॉय’छाप आयडीपेक्षा हा केव्हाही बरा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे खातं मुलाचं नाही, कॉलेजचं आहे. कॉलेजचा व्यवस्थापक पासवर्ड बदलू शकतो, खातं थांबवू शकतो, गरज पडल्यास आत डोकावूही शकतो. त्यामुळे खासगी पत्रव्यवहार आणि बँकेचे ओटीपी तिथे नकोतच. शिक्षण संपलं की अनेक संस्था खातं बंद करतात. पूर्वी गुगल कॉलेजांना अमर्याद जागा फुकट द्यायचं. २०२१ मध्ये त्याने ही सवलत आवरती घेतली आणि जुलै २०२२ पासून साऱ्या संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा आली. मोठ्या विद्यापीठाला ती पुरणं कठीण. मग माजी विद्यार्थ्यांच्या खात्यांची साफसफाई सुरू झाली, तर नवल ते काय? नोकरीचे अर्ज, पासपोर्ट, डिजिलॉकर यांना हाच पत्ता जोडलेला असेल, तर पदवी हातात आणि कुलूप दारात, अशी गत व्हायची!

तेव्हा अशा कामांसाठी स्वतःचा वेगळा पत्ता पहिल्याच वर्षी काढावा. त्याचा पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवला तरी चालेल, वही मात्र कपाटात हवी. कॉलेजचं खातंही त्याच फोनमध्ये जोडता येतं, म्हणजे दोन्हीकडची पत्रं एकाच जागी दिसतात. पासवर्ड किंवा ‘नोंदणी शुल्क’ मागणारं पत्र कॉलेजच्या नावाने आलं तर उत्तर न देता थेट ऑफिसात विचारावं.

शेवटच्या वर्षी खातं कधी बंद होणार, हे परीक्षेआधीच विचारून घ्यावं. गुगलच्या शैक्षणिक खात्यातली पत्रं आणि फाइली खासगी खात्यात नकलून घेण्याची सोय आहे, मात्र ती कॉलेजने सुरू ठेवलेली असावी लागते. चौघांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टची फाइल एकाच्याच खात्यात असेल, तर ते खातं मिटताच फाइल चौघांचीही जाते. त्यामुळे निरोप समारंभाच्या फोटोंआधी प्रत्येकाने तिची एकेक प्रत आपल्या खासगी खात्यात उतरवून घ्यावी.