गोटी टोपलीत की पेटीत?

१९८५ साली लंडन येथे सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञांनी मुलांपुढे दोन बाहुल्यांचा एक छोटेखानी खेळ मांडला: सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, तिच्या अपरोक्ष अ‍ॅन ती गोटी स्वतःच्या पेटीत दडवते, आणि परतलेली सॅली ती कोठे शोधील, एवढाच प्रश्न. बिचारी टोपलीच धुंडाळणार, हे चारपाच वर्षांच्या पोरालाही बहुधा उमगते. परंतु वीस स्वमग्न मुलांपैकी सोळांचे उत्तर चुकले. गोटी आधी कोठे होती व आता कोठे आहे, हे त्यांना बिनचूक सांगता येत होते, आणि त्यांच्याहून कमी बौद्धिक वयाची डाऊन सिंड्रोमची मुले याच परीक्षेत बहुतांशी उत्तीर्ण झाली होती; तेव्हा हा मामला बुद्धिमांद्याचा नसून, दुसऱ्याच्या मनात आपल्याहून निराळी समजूत नांदत असेल, हे ताडण्याचा होता.

या प्रयोगावर पुढे निष्कर्षांचे जे इमले चढले, ते मला अंमळ उतावळेपणाचे वाटतात. चौघांचे उत्तर बरोबर होते. शिवाय, फ्रिथबाईंनीच अमिता शाह यांच्या सहकार्याने १९८३ मध्ये दाखविले होते की, गुंतागुंतीच्या चित्रात लपलेली आकृती हुडकण्यात स्वमग्न मुले तुल्य बौद्धिक वयाच्या इतरांहून सरस ठरतात.

तपशिलावर प्रथम पडणारी ही दृष्टी वर्गात कशी वागते, हे पाहण्याजोगे आहे. आगगाड्यांचे वेळापत्रक मुखोद्गत असलेला मुलगा गोष्टीचे तात्पर्य विचारताच गप्प होतो. फळ्यावरची वजाबाकी लीलया करणारा तोच वाण्याच्या दुकानात सुटे पैसे मोजताना अडखळतो, कारण एके ठिकाणी शिकलेले अन्यत्र लागू पडते, हे त्याला स्वयंसिद्ध नसते. ‘घर डोक्यावर घेऊ नकोस’ म्हणून आजीने दटावले, तर तो छताकडे पाहतो. ‘पाच मिनिटांत येते’ असे सांगून गेलेल्या बाई परतताच तो ‘बाई, नऊ मिनिटे झाली’ असे सांगतो, आणि प्रगतिपुस्तकात ‘उद्धट’ असा शेरा पडतो. वस्तुतः त्याने केवळ सत्य निवेदन केलेले असते.

येथे, गैरसमज नक्की कोणाचा, हा प्रश्न उपस्थित होतो. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे प्रतिपादन केले की, ही दरी दुहेरी आहे: स्वमग्नांना आपले मन वाचता येत नाही, तसे आपल्यालाही त्यांचे वाचता येत नाही. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी प्रौढांकडून एक गोष्ट कर्णोपकर्णी पुढे पोहोचविली, तेव्हा केवळ स्वमग्नांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच शाबूत राहिली आणि मिश्र साखळीत अधिक झिजली. पुढील मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीची ही झीज आढळली नाही, तथापि स्वमग्न मंडळी तेथेही मागे नव्हती.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र समावेश आहे. परंतु सरकारी दाखल्याने तास सुसह्य होत नाही. त्यासाठी शिक्षकांनी दिवसाचा क्रम चित्रांसह भिंतीवर लावावा, त्यात फेरफार होणार असेल तर आगाऊ कळवावे, सूचना एका वेळी एकच आणि शब्दशः खरी द्यावी, आणि ‘उद्धट’ हा शेरा लिहिण्यापूर्वी एकवार घड्याळ पाहावे, एवढी विनंती आहे.