मेलेल्या माशाची साक्ष

मासळीबाजारात कोळीण कल्ला उचलून आतला लालबुंद रंग दाखवते, गिऱ्हाईक बोटाने मांस दाबून पाहते. या पारखीला तोड नाही. पण वास सुटतो तेव्हा माशाची खरी चव कधीच उतरणीला लागलेली असते. नाकाला चाहूल लागण्याआधी आत काय घडते?

१९५९ साली जपानमधील साइतो, अराइ आणि मात्सुयोशी या संशोधकांनी याचा छडा लावला. मासा मेला की त्याच्या स्नायूंतील एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारे रसायन, टप्प्याटप्प्याने मोडत जाते. मधल्या टप्प्यावरचे आयएमपी माशाला गोडी देते. शेवटी इनोसीन आणि कडवट हायपोझँथीन साचू लागतात. एटीपी आणि त्याच्या अवशेषांच्या एकूण साठ्यात या दोघांचा शेकडा वाटा म्हणजे 'के-मूल्य'. ते विसाच्या आत असेल, तर मासा कच्चा खाण्याजोगा. मोजपट्टी तर सापडली, पण मोजणी किचकट. प्रयोगशाळेतून उत्तर येईपर्यंत बंदरावरचा लिलाव आटोपलेला असे.

वाट मोकळी झाली ती दूर अमेरिकेत, आणि तीही माशासाठी नव्हे. लेलँड क्लार्क यांनी रक्तात प्राणवायू मिसळणारे यंत्र बनवले होते. बाहेर पडणाऱ्या रक्तातला प्राणवायू मोजता येत नाही म्हणून त्यांचा निबंध परत आला. क्लार्क हटले नाहीत. प्राणवायू मोजण्यासाठी प्लॅटिनमची तार रक्तात बुडवली की तिच्यावर पुटे चढत आणि ती निकामी होई. त्यांनी सिगारेटच्या पाकिटावरचा सेलोफेन तिच्यावर ताणला. तार टिकली, तरी मोजमाप भरवशाचे होईना. अखेर ४ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी ती तार आणि तिच्या जोडीचे अग्र, अशी दोन्ही विद्युतअग्रे (इलेक्ट्रोड) एकाच पॉलिथिनच्या पडद्याआड ठेवली. प्राणवायू पडद्यातून आत झिरपला, रक्त बाहेरच अडले! पुढे १९६२ मध्ये त्यांनी या अग्राला विकराची, म्हणजे एन्झाइमची, जोड देण्याची कल्पना मांडली.

ती कल्पना जपानमध्ये इसाओ कारुबे, एत्सुओ वातानाबे आणि सहकाऱ्यांनी माशाकडे वळवली. झँथीन ऑक्सिडेज हे विकर हायपोझँथीनवर तुटून पडते आणि तसे करताना प्राणवायू गिळते. ते पडद्यावर जखडून प्राणवायूच्या अग्राला बसवले, मांसाचा अर्क सोडला, प्राणवायू घटला आणि त्यासोबत अग्रातला विद्युतप्रवाह खाली घसरला. जितके हायपोझँथीन, तितकी घसरण मोठी. मात्र एकट्या हायपोझँथीनवरून वाटा कसा काढणार? मग इनोसीन आणि आयएमपी यांचेही हायपोझँथीन करून देणारी विकरे मदतीला आली. मेलेल्या माशात एटीपी फार काळ टिकत नाही, म्हणून हिशेब या तिघांवरच भागला. १९८४ साली ही संवेदक प्रणाली प्रसिद्ध झाली. ज्या उत्तरासाठी लिलाव थांबू शकत नव्हता, ते आता काही मिनिटांत हाती येत होते.