फुकटच्या खोलीचा हिशेब

ग्राहकाचा कायदा : लेखांक ९

हॉटेलने बुकिंग ऐनवेळी रद्द केलं तर काय करायचं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्याच शेजारचा आहे, पण जास्त गुंत्याचा. कॅसिनोत खेळायला येणाऱ्याला ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणून कबूल केलेली खोली मिळालीच नाही, किंवा मिळाली आणि निघताना तिचं बिल हातात पडलं, तर दाद कुठे मागायची?

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा या पट्ट्यात कायदेशीर कॅसिनो एकही नाही. दिल्लीत १९५५ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहे. त्यामुळे इथला खेळाडू विमानाने गोव्याला जातो, नाहीतर काठमांडूला किंवा कोलंबोला. गोव्याने आपल्या १९७६ च्या जुगार कायद्यात दुरुस्ती करून १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना आणि १९९६ साली जहाजांवर टेबलावरच्या खेळांना वाट करून दिली. मांडवीतले तरंगते कॅसिनो त्यातूनच आले. (महाराष्ट्राचा कॅसिनो कायदाही १९७६ चाच. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दच झाला.)

आता या व्यवहारातली माणसं बघा. खेळ जहाजावर, खोली किनाऱ्यावरच्या हॉटेलात, आणि शब्द दिलेला दिल्लीतल्या एजंटने, तोही फोनवर. खेळाडू बॅगा घेऊन काउंटरपाशी उभा राहतो तेव्हा हॉटेल म्हणतं, कॅसिनोकडून व्हाउचर आलेलं नाही. कॅसिनो म्हणतो, तो एजंट आमचा नोकर नाही. एजंट फोन उचलत नाही.

पण सगळ्यात जास्त वाद होतात ते खेळाच्या नोंदीवरून. तुम्ही किती हरलात यावर खोली ठरत नाही. सरासरी किती लावलं आणि किती वेळ खेळलात, यावरून तुम्ही किती हरणं अपेक्षित होतं ते काढतात आणि त्याचा काही हिस्सा खोली, जेवण, विमानभाडं या रूपाने परत करतात. एक नमुना मांडतो. एका शून्याच्या रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि कॅसिनोचा वाटा साधारण २.७ टक्के पडतो. दर डावाला ५,००० रुपये, तासाला ४० डाव, चार तास खेळ, म्हणजे एकूण ८ लाख रुपये टेबलावरून फिरले. अपेक्षित तोटा सुमारे २१,६०० रुपये. कॅसिनो त्यातले ३० टक्के परत करतो असं धरलं, तर साधारण ६,५०० रुपयांची खोली ‘फुकट’ बसते. टेबलावरच्या सुपरवायझरने तुमची सरासरी ५,००० ऐवजी ३,००० लिहिली, तर तोच आकडा ३,९०० च्या खाली येतो आणि उरलेले पैसे तुमच्या कार्डावरून वळते होतात. खेळाडू सांगतो, मी ८० हजार हरलो. कॅसिनो नोंदवही दाखवतो. ती नोंद खेळाडूने तोवर पाहिलेली नसते.

यात कराचाही भाग आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोतला जीएसटी विकत घेतलेल्या चिपांच्या पूर्ण रकमेवर लागतो. दर आधी २८ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. चिपा परत करून पैसे घेतले तरी कराची रक्कम कमी होत नाही. म्हणजे चिपा घेऊन न खेळता परत करणारा पाहुणा कॅसिनोला चांगलाच महाग पडतो. ‘किमान इतके तास खेळ’ ही अट यासाठीही असते.

कायद्याकडे वळू. पहिला आक्षेप ठरलेला : जुगारातली देणी कोर्टात चालत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक ठरतो, हे खरं. पण खोलीचं आश्वासन ही पैज नव्हे. तुम्ही जिंकलात किंवा हरलात, म्हणून खोली मिळत किंवा जात नाही. शिवाय पैजेला जोडून केलेला करार तेवढ्यामुळे बेकायदा ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने घेरूलाल पारख खटल्यात १९५९ सालीच सांगितलं. जुन्या मुंबई इलाख्यात मात्र १८६५ च्या कायद्याने असे जोडकरारही निरर्थक ठरवले होते. महाराष्ट्रात बसून करार करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये विनामूल्य सेवा ‘सेवा’ या व्याख्येतच बसत नाही. मग फुकटच्या खोलीबद्दल तक्रार कशी करणार? इथे दिल्लीचाच एक निकाल मोलाचा आहे. ऑगस्ट १९९८ मध्ये नवी दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन व्हॅलेच्या हवाली केली आणि ती चोरीला गेली. पार्किंगचे वेगळे पैसे घेतलेले नव्हते आणि पावतीवर जबाबदारी गाडीच्या मालकाची, असं छापलेलं होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरलं. अशा पार्किंगचा खर्च खोलीच्या आणि जेवणाच्या दरात आलेलाच असतो, हे न्यायालयाने मान्य केलं. तो खटला हवाली केलेल्या वस्तूचा होता, कबूल केलेल्या खोलीचा नव्हता, हा फरक आहेच. तरी तर्क लागू पडतो. वरच्या हिशेबात खोलीची किंमत तुमच्या अपेक्षित तोट्यातूनच निघाली आहे.

याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. द्यायची नसलेली भेट देऊ करणं, आणि एकूण व्यवहारात जिची किंमत वसूल होते ती गोष्ट फुकट असल्याचा भास निर्माण करणं, हे दोन्ही तिच्यात येतं. खोली नाकारली गेली, तर माझ्या मते तक्रारीचा मुख्य आधार हाच असावा.

उलट दिशेचं उदाहरण अमेरिकेतलं. अटलांटिक सिटीच्या बोर्गाटा कॅसिनोने फिल आयव्ही या प्रसिद्ध खेळाडूवर दावा लावला आणि जिंकलेल्या रकमेबरोबर त्याला दिलेल्या खोल्या-जेवणाचे सुमारे अडीच लाख डॉलरही मागितले. २०१६ मध्ये १ कोटी १ लाख ३० हजार डॉलर परत करण्याचा आदेश झाला. ती सगळी जिंकलेली रक्कम होती. पाहुणचाराचे पैसे त्यात धरले गेले नाहीत.

दिल्लीकराला तक्रारीसाठी गोव्याला जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षांची. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

निघण्यापूर्वी चार गोष्टी ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या : खोली कोणत्या हॉटेलात आणि कोणत्या दर्जाची, किती तास आणि किती सरासरीने खेळायचं, अट पुरी झाली नाही तर कार्डावर किती रक्कम पडणार, आणि हे कबूल करणारा कॅसिनो की एजंट. टेबल सोडताना आपली नोंद विचारून घ्या. आणि नोंद कमी भरली, खोली जाईल, असं कोणी सांगितलं तर ती वाचवण्यासाठी पुन्हा टेबलावर बसू नका. वरच्या नमुन्यात एका जादा तासाचा अपेक्षित तोटाच ५,४०० रुपये आहे, आणि खरा तोटा त्याच्या कित्येक पट होऊ शकतो. बिल भरा, पावती घ्या, घरी या आणि तक्रार करा.