हा ढग आभाळातला नव्हे

मुलांनो, आपल्या वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतात. मळणी यंत्र वर्षातून थोडेच दिवस लागते. म्हणून बहुतेक शेतकरी ते विकत घेत नाहीत, भाड्याने आणतात.

संगणकाचेही तसेच आहे. मोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. व्यापारी इंटरनेटद्वारे ते वापरतो आणि वापराप्रमाणे भाडे देतो. या सोयीला ‘क्लाउड’, म्हणजे ढग, असे नाव पडले. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००६ साली अशी सेवा सुरू केली. २०१६ पासून तिची केंद्रे मुंबईतही आहेत.

यात नवीन काय? भाडे ही गोष्ट तर जुनीच आहे. पण दिवाळीत ऑनलाइन दुकानावर गर्दी वाढली, की काही मिनिटांत जादा संगणक मिळतात. गर्दी ओसरताच ते परत करता येतात. ही खरी नवी सोय होय. लहान दुकानदारालाही फायदा होतो. दुकानातील संगणक बिघडला, तरी क्लाउडवर ठेवलेला हिशेब राहतो. मात्र इंटरनेट बंद पडले, तर काम अडते.

ज्याचे काम रोज सारखेच असते, त्याला भाडे महाग पडू शकते. अमेरिकेतील ‘थर्टीसेव्हन सिग्नल्स’ या कंपनीने याच कारणाने २०२३ साली आपले बहुतेक काम क्लाउडवरून काढून स्वतःच्या संगणकांवर आणले.

म्हणून नव्या नावाला भुलू नये. यंत्र किती दिवस लागणार, हे आधी मोजावे. मग भाडे की खरेदी, हे ठरवावे.