फ्रीजमधल्या फोडी

मुलगा-सून कामावर निघण्यापूर्वी आई-वडिलांसाठी फळे चिरून डबा फ्रीजमध्ये ठेवतात. दुपारी डबा उघडावा, तर पपईला पाणी सुटलेले, खरबूज लिबलिबीत, सफरचंद काळवंडलेले. ज्येष्ठ मंडळी तो डबा निमूटपणे परत ठेवतात आणि फळ पोटात जायचेच राहते.

फळाचा घट्टपणा त्याच्या पेशींच्या भिंतींत असतो. पेक्टिन हा पदार्थ पेशींना एकमेकींशी सांधून ठेवतो. सुरी फिरताच पेशी फुटतात, रस पाझरतो आणि फळातील एन्झाइम पेक्टिनचे विघटन करू लागतात. थंडाव्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही.

म्हणून काळजी चिरण्यापूर्वीच सुरू व्हावी. पिकलेले, परंतु बोटाला घट्ट लागणारे फळ निवडावे. ते सालीसकट वाहत्या पाण्याखाली धुवून पुसावे; अन्यथा सालीवरील जंतू सुरीबरोबर गरात शिरतात. बोथट सुरी फळ चिरडते, म्हणून धारदार सुरी वापरावी. फोडी मोठ्या ठेवाव्यात. कवळी असणाऱ्यांसाठी किंवा गिळताना ठसका लागणाऱ्यांसाठी त्या खातेवेळी बारीक कराव्यात. साखर, मीठ किंवा चाट मसालाही आधी घालू नये. त्याने फोडींना पाणी सुटते. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी तर तो टाळलेलाच बरा.

लिंबाचा रस फोडी काळ्या पडू देत नाही. त्या नरम पडणे मात्र तो थांबवत नाही. कोहळ्याचा पेठा करताना फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, कारण चुन्यातील कॅल्शियम पेक्टिनला बांधून ठेवते. घरी ताज्या फळांवर हा प्रयोग करू नये.

झाकणबंद डबा फ्रीजच्या आतील फळीवर, 4 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा. दाराच्या कप्प्यात उष्णता अधिक असते. बर्फाच्या कप्प्यात पेशी फुटून वितळलेले फळ मऊ पडते.

मात्र घट्ट फोड सुरक्षित असेलच असे नाही. लिस्टेरिया हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, आणि वयोमानाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना तो जीवघेणा ठरू शकतो. 2011 साली अमेरिकेत दूषित खरबुजांमुळे त्याची साथ पसरली. 147 जण आजारी पडले, 33 दगावले. बाधितांपैकी बहुसंख्य साठीपुढचे होते.

यास्तव चिरलेले फळ दोन तासांहून अधिक, कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, बाहेर राहू देऊ नये. वृद्धांसाठी ठेवलेल्या फोडी त्याच दिवशी संपवाव्यात. वीज चार तासांहून अधिक काळ गेली असल्यास त्या टाकून द्याव्यात, मग त्या कितीही टवटवीत दिसोत. डब्यावर चिरल्याची वेळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावी, म्हणजे घरी एकट्या असलेल्या आजींनाही निर्णय घेणे सोपे जाईल.