सफेच्या कडेच्या खुर्च्या

जुम्म्याला मशिदीत सफेच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या असतात. पूर्वी एखाद-दुसरी असे, तीही कुणाचा पाय मोडला म्हणून. आता जळगाव असो, भुसावळ असो की धुळे, त्या खुर्च्यांची वेगळी रांगच होते. गुडघे धरून बसणारे हे सगळे साठी ओलांडलेले. ज्यांचे गुडघे त्यांच्याहून जास्त दुखतात, त्या त्यांच्या बेगम मात्र घरी पलंगावर बसून नमाज पढतात. त्यांच्या खुर्च्या कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्या मोजल्याही जात नाहीत.

आपला जिल्हा वाढतो आहे, हे आपण रोज पाहतो. 2001 मध्ये जळगाव जिल्ह्यात 36 लाख 82 हजार माणसे होती, 2011 मध्ये ती 42 लाख 29 हजारांवर गेली. धुळे जिल्हा त्याच दहा वर्षांत 17 लाखांवरून साडेवीस लाखांवर पोहोचला. नवी वस्ती, नवे प्लॉट, रिक्षांची गर्दी. त्यावरून कुणालाही वाटेल की घराघरात पाळणे वाढले. पण पाळणे वाढलेले नाहीत. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या त्या दहा वर्षांत दीड कोटीने वाढली, आणि सहा वर्षांपर्यंतची मुले मात्र 1 कोटी 36 लाखांवरून 1 कोटी 33 लाखांवर आली. माणसे वाढली आणि मुले घटली! मग वाढ कुठे झाली? आधीच्या पिढीत जन्मलेली भरपूर मुले मोठी होऊन आता आई-बाप झाली आहेत. प्रत्येकाला दोनच मुले झाली तरी आई-बापच इतके, की आकडा चढतच राहतो. शिवाय म्हातारी माणसे पूर्वीपेक्षा जास्त जगतात.

आपल्या समाजाबद्दल बोलताना बाहेरचे लोक अजून जुन्याच हिशोबाने बोलतात, आणि खरे सांगायचे तर आपणही तसेच बोलतो. 1992-93 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या मुस्लिम स्त्रीला सरासरी 4.4 मुले होत होती. 2019-21 च्या पाहणीत ती सरासरी 2.4 वर आली. हे समजायला पाहणीचीही गरज नाही. आपल्याच घरात दादीला किती, अम्मीला किती आणि आपल्याला किती, एवढे मोजले की पुरे. मुली दहावी-बारावीपुढे शिकल्या, लग्न थोडे उशिरा झाले, दवाखाना जवळ आला आणि जन्मलेले मूल जगेल याची खात्री झाली. त्यानंतर सात मुले कोण कशाला वाढवील?

2011 च्या जनगणनेत देशातल्या दर 100 मुसलमानांपैकी 47 जण वीस वर्षांच्या आतले होते आणि साठीच्या वरचे जेमतेम सहा. म्हणून आपली सगळी व्यवस्था तरुणांसाठी उभी राहिली. अंजुमनची मदत कशासाठी, तर वह्या-पुस्तके, फी आणि लग्न. ती हवीच. पण तेव्हाची ती 47 मुले आज कमावती झाली आहेत, आणि त्यांच्या पाठीमागे येणारी रांग आखूड आहे. सफेची ती कडेची रांग आपल्याकडे इतरांपेक्षा थोडी उशिरा लांबेल, एवढाच फरक.

या बदलाचा भार कुणावर पडतो हे घरात शिरल्यावरच कळते. पूर्वी चार भाऊ असत. अम्मी दोन महिने एकाकडे, दोन महिने दुसऱ्याकडे. त्यात भांडणे होत, तरी कुणा एकीचीच पाठ मोडत नसे. आता मुलगा पुण्याला किंवा आखातात, मुलगी सुरतेला सासरी, आणि घरी एकच सून. सासूची साखर, सासऱ्यांच्या गोळ्या, मुलांचे डबे, आणि त्यातच तिची शिवणाची मशीन. तिला सवाब मिळेल असे आपण म्हणतो आणि चहा मागतो. सुरतेच्या मुलीनेही वर्षातून दोन महिने अम्मीला न्यावे, यात जावयाची कसली इज्जत जाते, ते आम्हाला तरी कळलेले नाही.

आणखी एक आकडा आम्हाला टोचतो. 2011 मध्ये जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. राज्याची सरासरी 894 होती. ती मुले-मुली आता लग्नाच्या वयात येत आहेत. म्हातारपणी हात धरणाऱ्या मुली गर्भातच नाकारल्या, आणि आता सून मिळत नाही म्हणून लोक गावोगाव फिरतात.

2021 ची जनगणना झालीच नाही. आता 1 मार्च 2027 ही तारीख धरून मोजणी व्हायची आहे. कर्मचारी दारात येऊन प्रत्येकाचे वय विचारतील. आपण काय करतो? अंदाजाने साठ, पासष्ट, सत्तर सांगतो. जनगणनेच्या तक्त्यात शून्य आणि पाचवर संपणाऱ्या वयांना उगीच फुगवटा दिसतो, तो यामुळेच. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला 1 जून आणि आधारवरचा 1 जानेवारी, या दोन दिवशी आपल्या मोहल्ल्यातल्या निम्म्या बुजुर्गांचा वाढदिवस असतो! यावर हसायला येते, पण वय कमी लागले की नुकसान खरे होते. एसटीचा मोफत प्रवास पंच्याहत्तरीनंतर आणि वयोश्री योजनेची मदत पासष्टीनंतर.

आमच्या ओळखीच्या एका घरात नातीने दादीला घेऊन हा हिशोब मांडला. आधारवर जन्म 1 जानेवारी 1958. दादी म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायचे, तुझे बडे अब्बा कडेवर असायचे." नातीने बोटे मोजली. आधार खरे मानले, तर तेव्हा दादी चौदा वर्षांच्या आणि कडेवर दोन वर्षांचे मूल. मग निकाह कुठल्या सालचा, धाकटी बहीण तेव्हा केवढी होती, अशी खूप विचारपूस झाली. शेवटी वय निघाले पंच्याहत्तर.

"म्हणजे माझे तिकीट माफ?" दादींनी विचारले.

"कागदावर नाही," नात म्हणाली.

दादींनी तसबीह उचलली. "मग कागद दुरुस्त कर. मला सुरतेला जायचे आहे."